शेणखताच्या खड्ड्याजवळची माती

चि. योगराज यास दुधराम काकाचा आशीर्वाद. नागपुरात तब्येत सांभाळून असशील. इकडे माणसं ठीक आहेत, धान ठीक नाही, म्हणून हे पत्र. (फोनवर तू "डिपेंड करते काका" म्हणतोस आणि तेवढ्यात माझा बॅलन्स संपतो.)

उन्हाळ्यात तू गावात येऊन माती तपासणीवर बोललास. नत्र, स्फुरद, सामू, सगळं सांगितलंस. लोकांनी माना डोलावल्या. (माना डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हे तुम्हाला कॉलेजात शिकवत नाहीत.) शेवटी म्हणालास, आपापल्या शेतातली थैलीभर माती द्या. ती कुठली, कशी, कशासाठी, ते राहूनच गेलं. आता नागपूरचा साहेब माती बघणार म्हटल्यावर धानाच्या बांधीतली गोट्याची माती कोण देईल? पोरगी दाखवायची असली की तिला शेणाच्या हातानं कोणी बसवतं का? तळ्याखालच्या बिसरामनं आपल्या शेणखताच्या खड्ड्याजवळची काळीभोर माती खणून दिली. ते बघून त्याच्या भावानं, शालीकरामनं, तिथूनच उचलली, मग सगळ्यांनीच. शेजारच्या नंदाबाईनं तर ती चाळणीनं चाळली आणि थैलीला हळदीकुंकू लावून दिली.

तुझा निकाल आला: जमीन अतिशय सकस, युरियाची गरज नाही. साऱ्या गावाची जमीन एकसारखी निघाली, तरी तुम्हाला शंका आली नाही! कोणीच युरिया टाकला नाही. आता धान पिवळं पडून राहिलं आहे आणि मी पानठेल्यावर गेलो की बिसराम म्हणतो, "काऊन जी, तुमच्या पुतन्याचा तो कागदच वावरात टाकू का?" तुझ्या वतीनं उत्तरं देऊन मी थकलो रे बाबा. तुला वाटतं एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. गावाला वाटतं एवढं तर साहेबाला दिसतं. परवापासून मी पान खाणंच सोडलं आहे.

तुझा,
दुधराम काका

ता. क. : खरं काम हे. आता युरिया टाकला तर धान वाचेल का? आमच्या बांधीची माती कोहमाऱ्याहून बसनं पाठवली आहे. तपास आणि हो की नाही, एवढंच कळव.

आणखी ता. क. : थैली गेल्यावर तुझ्या काकूनं सांगितलं, की तिनं गोटे वेचून त्यात दोन मुठी शेणखत मिसळलं. "पोराच्या हापिसात अशी माती पाठवाची का? लोक का म्हनतीन?" तेव्हा ती थैली उघडू नकोस. तूच ये, बांधीत उतर आणि आपल्या हातानं माती उचल. येताना युरियाची एक बोरी घेऊनच ये, म्हणजे डिपेंड करायला काही उरणार नाही.