कोपरा, मध्य, कोपरा

३० नोव्हेंबर, शनिवार

रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे माझीच विद्यार्थिनी, श्वेता. बारावीला हिच्या रसायनशास्त्राच्या जर्नलवर मी ‘निष्कर्ष अपुरा’ असा शेरा दिला होता. आज तिने माझा निष्कर्ष पुरता लिहून हाती दिला. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तीन महिने आहार आणि व्यायाम, १ मार्चला पुन्हा तपासणी. आकडा तेव्हाही हलला नसेल तर गोळ्या.

“मॅडम, मुख्य म्हणजे पोट कमी करायचं.”

एक्कावन्नाव्या वर्षी, आपणच शिकवलेल्या मुलीकडून.

घरात एकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मधुमेहाच्या गोळ्या आहेतच. सुधीरच्या आहाराची वही गेली नऊ वर्षे मी लाल शाईने तपासते आहे. त्याला बातमी सांगितली. तो हसला नाही. हसणे पुढे ढकलले, हे मला स्पष्ट दिसले.

१ डिसेंबर, रविवार

नवी वही. कंबर (पुढे फक्त ‘कं.’) नाभीच्या रेषेत, उपाशीपोटी, श्वास सोडून: ९७.५ सेंमी. तीनदा मोजली. दोनदा तेच, तिसऱ्यांदा ९७.६. पहिले दोन ग्राह्य. उद्दिष्ट: ८०.

भात बंद. नाचणीची भाकरी एक. डाळ, पालेभाजी, ताक. कालवणातला मासा चालेल, वाटणातले खोबरे चालणार नाही. साखर शून्य. सकाळी किनाऱ्यावर एक तास चालणे. प्रत्येक घास वहीत. तोंडात गेले आणि वहीत नाही, असे होता कामा नये.

नियम मीच केले आहेत, त्यामुळे त्यांत पळवाट नाही.

३ डिसेंबर

किनाऱ्यावर सुरूच्या रांगेतून ५८ मिनिटे. सोबत शेजारच्या हंसाबेन. त्या सहा वर्षे रोज येतात आणि सहा वर्षे तेवढ्याच आहेत. कारण आज कळले. त्या चालत नाहीत, बोलतात. “अरे बेन, तुम्ही तर गाडी सुटल्यासारख्या धावता! जरा आस्ते. दरियो कुठे पळून नाही जात.”

परतताना त्यांनी फाफडा घेतला. मी नजर समुद्राकडे ठेवली.

पाचला गच्चीवर. वाडीतले चिकू सोलून, चकत्या करून सुकवण्याचा सुधीरचा उद्योग यंदाही जोरात. बारा ट्रे. गुणवत्ता माझ्याकडे, कारण सुधीरला सगळेच ‘छान’ वाटते. प्रत्येक ट्रेचे तीन नमुने: कोपरा, मध्य, कोपरा. तो खालून ओरडला, “कशी झालीय?” मी: “कालच्यापेक्षा कोरडी. गोडी आधी दबलेली, शेवटी काकवीचा वास.” नऊ वर्षांत त्याने चिकू तोंडात घातलेला नाही. रोज विचारतो मात्र.

८ डिसेंबर, रविवार

कं. ९६.४. अपेक्षेप्रमाणे.

कॉलेजात कोणाचा तरी वाढदिवस, मग केक. “मॅडम, एवढुसा!” मी म्हटले, ‘एवढुसा’ हे कोणत्याही पद्धतीतले एकक नाही. केक पुढच्या टेबलाकडे गेला. तलासरी नाक्यावर बसमधून उतरून आता मी कॉलेजपर्यंत चालत जाते. हायवेची धूळ सोडल्यास उत्तम व्यायाम.

१५ डिसेंबर, रविवार

कं. ९५.८. वेग मंदावला, पण दिशा योग्य.

लखमी सकाळपासून अंगणात उकिडवी बसून चिकू कापत होती. ती मूळची वेवजी गावची. अकरा वर्षे हंगामात आमच्याकडे कामाला असते. वय माझ्याएवढेच, कदाचित दोन वर्षांनी जास्त. चार तास तशी बसते आणि एका हालचालीत उठते. मी तसे बसून पाहिले. पोट आणि मांड्या एकाच जागेवर हक्क सांगू लागले. मग मागे कलंडले.

लखमी: “बाई, खुर्ची आणू?”

तिने ते सरळ मनाने म्हटले असावे. मला तसे वाटले नाही. वहीत नवे उद्दिष्ट: पाच मिनिटे उकिडवे, आधाराशिवाय.

२९ डिसेंबर, रविवार

कं. ९५.६. दोन आठवड्यांत केवळ दोन मिलिमीटर. वही निर्दोष आहे. चहा बिनसाखरेचा. बोंबील भाजलेले. सुधीरने माझ्या वहीत डोकावून पाहिले आणि काहीतरी म्हणता म्हणता थांबला. “काय?” “काही नाही. अक्षर सुंदर आहे.”

५ जानेवारी, रविवार

कं. ९५.६. चालणे ७० मिनिटांवर नेले. हंसाबेन मागे राहतात आणि मागून ओरडून गप्पा चालू ठेवतात. संशय स्वयंपाकाच्या तेलावर. आजपासून तेल मी मोजून काढून देणार.

१२ जानेवारी, रविवार

कं. ९५.९. वाढ!

डहाणू रोडला शिवणकामाच्या दुकानातून नवी टेप आणली. दोन्ही टेपा पोलादी पट्टीशी ताडून पाहिल्या. दोन्ही अचूक. म्हणजे दोष साधनात नाही.

याच आठवड्यात दुसरी विसंगती. आठवड्याच्या अठ्ठेचाळीस किलो ओल्या चकत्या सुकल्यावर बारा किलो भरायला हव्यात. भरल्या सव्वाअकरा. मागच्या आठवड्यात तेवढेच. त्याआधीही. पाऊण किलोची तूट, सातत्याने. सुकवण्यात चूक असती तर तूट कमीजास्त झाली असती. एकसारखी तूट म्हणजे एकसारखे कारण, आणि दोन पाय असलेले. ट्रेंजवळ दिवसभर एकच व्यक्ती असते. अकरा वर्षे विश्वास टाकला. उद्या विचारणार.

१३ जानेवारी

हे पूर्ण लिहायचे, टाळायचे नाही.

पाचला गच्चीवर गेले. लखमी ट्रे उलटेपालटे करत होती. ‘चोरी’ हा शब्द मी वापरला नाही. वापरण्याच्या तयारीत मात्र होते. म्हटले, “लखमी, आठवड्याला पाऊण किलो माल कमी भरतो. तुला काही माहिती?”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग पदर तोंडाला लावून हसू लागली, खांदे हलेपर्यंत.

“बाई, तो तं तुमच्या पोटात.”

“म्हणजे?”

“आता बी खाता ना!”

माझ्या उजव्या हातात सातव्या ट्रेची चकती होती. अर्धी. उरलेली अर्धी कुठे होती, ते मला चावताना कळत होते.

बारा ट्रे, तीन नमुने, छत्तीस चकत्या. एका चिकूच्या आठ होतात. रोज साडेचार चिकू, तेही पाणी काढून टाकलेले. वहीत एकही नोंद नाही. कारण ते खाणे नव्हते, ते तपासणे होते. उभ्याने घेतलेले, कामाचे. आमच्या वाडीत तसेही चिकूला कोणी खाणे म्हणत नाही. येताजाता तोंडात टाकायची ती वस्तू.

दर जूनला नव्या मुलांसमोर प्रयोगशाळेच्या फळ्यावर मी स्वतःच्या हाताने पहिला नियम लिहिते: कोणताही पदार्थ चाखू नये. दुसऱ्या आठवड्यात शिकवते की पदार्थ सुकला की नाही, हे वजन स्थिर झाल्यावर ठरते. काटा गच्चीच्या दारामागेच आहे. सव्वीस वर्षे शिकवलेली रीत मी गच्चीवर कधी वापरली नाही. वापरली असती तर चाखायला निमित्त उरले नसते.

लखमी हसायची थांबली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलं, तुमी मला इचारताय.”

तिलाच विचारत होते. तिला ते कळले होते.

१४ जानेवारी, संक्रांत

सुधीरला विचारले, “तुला ठाऊक होतं?”

“अर्थात. मला वाटलं, तुलाही असेल.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू माझी वही तपासतेस. मी तुझं तोंड तपासू?” आणि दीड महिना पुढे ढकललेले हसणे त्याने आज पूर्ण केले. वरती सगळ्या गच्च्यांवरून पतंगांचा आरडाओरडा, खाली हा. हंसाबेन कुंपणावरून: “काय झालं सुधीरभाई?” त्याने सांगितले! उद्या किनाऱ्यावर सगळ्यांना कळलेले असेल.

तिळगुळाचा एक दाणा घेतला. नोंदवला.

१५ जानेवारी

लखमी आली नाही.

कळले त्याप्रमाणे, वेवजीला भाच्याकडे गेली आहे. कदाचित सणासाठी. कदाचित नाही. ट्रे मी फिरवले. पाच वाजता सुधीरने खालून विचारले नाही, “कशी झालीय?” आज उत्तर देणारे कोणी नाही, हे त्याला माहीत होते. ही शांतता मी हिशेबात धरली नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

कं. ९४.७.

सकाळी लखमी हजर, जणू काही झालेच नाही. मी वाक्य तयार ठेवले होते, तीन वेळा सुधारलेले. त्यात ‘गैरसमज’ हा शब्द होता. तिच्यासमोर गेल्यावर तो खोटा वाटला. गैरसमज आपोआप होतो. हा मी केला होता.

म्हटले, “लखमी, मी तुझ्यावर संशय घेतला. चुकले.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने: “आता बसा हितं. कापा.”

उकिडवी बसले. दीड मिनिट. मग पाटावर. माझ्या चकत्या सगळ्या एकाच जाडीच्या, तिच्या तशा नाहीत. तिने एक उचलून उजेडात धरली. “लय भारी. अशा कापल्या तं होळीपर्यंत एक टोपली होईल.”

तिची कसोटीही दाखवली. चकती बोटावर वाकवायची. लवली आणि चिकटली नाही, की झाली. अकरा वर्षे ती हे करत होती. मी पाहिलेच नव्हते, कारण मी चाखत होते.

२ फेब्रुवारी, रविवार

कं. ९३.१. उकिडवे: चार मिनिटे. घोटे अजून तक्रार करतात, पोट बरेच समजूतदार झाले आहे.

ट्रे आता काट्यावर. दोन दिवस वजन स्थिर राहिले की उतरवायचे. तूट शून्य. लखमी दर आठवड्याला मुद्दाम विचारते, “बाई, किती भरलं?” आणि मी दर आठवड्याला ‘बारा’ म्हणते, आणि तिला तेवढेच पुरते.

सुधीरने ठराव मांडला: “मला चव कोण सांगणार?” मी म्हटले, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, “तत्त्व गोड आहे का?” वाटाघाटी झाल्या. दर रविवारी एक चकती, तिचे दोन भाग, दोन्ही वह्यांत नोंद. श्वेताला फोन करून विचारले. ती इतकी हसली की तिला ‘निष्कर्ष?’ असे विचारावे लागले. परवानगी मिळाली.

नऊ वर्षांनंतर त्याने अर्धी चकती जिभेवर ठेवली, डोळे मिटून. मी वाट पाहिली. “काकवीचा वास नाही,” तो म्हणाला. “तू नऊ वर्षं चुकीचं सांगत होतीस. हा कच्च्या बदामाचा आहे.”

अजिबात नाही. काकवीच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

कं. ९१.९. बारावीच्या परीक्षांची ड्यूटी, चालणे पहाटेच उरकते. हंसाबेननी वेग वाढवला आहे. कारण: मी पुढे गेले की माझी बातमी त्यांना उशिरा कळते.

माझी वही आता सुधीर तपासतो. लाल शाई त्याने माझ्याच कंपासातून घेतली. आजचा शेरा: “कालवणात खोबरे होते. लपवू नये.” होते. अर्धा चमचा.

१ मार्च, शनिवार

कं. ९०.८. उद्दिष्ट ऐंशीचे, त्यामुळे उत्सवाचे कारण नाही. रक्त सकाळी सातला दिले. श्वेता म्हणाली, “मॅडम, सहाला मी स्वतः फोन करते.” आवाजावरून काही कळले नाही. तिला मीच शिकवले आहे, निरीक्षण पूर्ण होण्याआधी बोलू नये.

पाचला गच्चीवर. लखमीच्या शेजारी उकिडवी बसले आणि बसूनच राहिले. ती चकत्या वाकवून पाहत होती, मी काट्यावर. दोघींचे आठव्या ट्रेवर मतभेद. ती म्हणाली झाली, काटा म्हणाला नाही. एक दिवस थांबायचे ठरले. किती वेळ बसलो ते पाहायचे राहिले. वहीत प्रथमच रिकामी जागा.

लखमी एका हालचालीत उठली. मी दोन हालचालींत. तिने हात पुढे केला होता. घेतला नाही. मग घेतला.

आता सहाला पाच कमी. सुधीर जिन्यात बसला आहे, मोबाइल मांडीवर, माझा. उद्याची रविवारची चकती मी आजच निवडून कागदात ठेवली आहे. पाचव्या ट्रेची. मध्यातली. काकवी की बदाम, याचा निकाल उद्या लावायचा आहे, आणि त्यासाठी मला कोणाच्या फोनची गरज नाही.

वाजतो आहे. “तुझा आहे,” तो म्हणतो, पण देत नाही. आधी स्वतःचा चष्मा शोधतो आहे.