ज्योतीच्या मुलाखतीसाठी माझं इंग्रजी

१२ फेब्रुवारी, सोमवार
चौथी शिकलेल्या म्हातारीला इंग्रजीला जुंपतं का कुणी? जुंपलं. नगरच्या शाळेचा कागद आलाय. वसतिगृहासाठी तेवीस तारखेला नातीची, ज्योतीची, मुलाखत. पालकाने सोबत यावे. पालक कुठाय? माझा ल्योक कल्याण आन सून सत्यशीला दरसालासारखी दिवाळीपासून कोपरगावकडं ऊस तोडतायत. म्हणजे पालक मीच.
गावची शाळा चौथीला संपती. पोरगी तिकडं लागली तर लागली, न्हाई तर पुढच्या हंगामाला आईबापामागं फडात, मोळ्या बांधायला. दहा वर्षांची झाली. मुकादम सोडतो व्हय?
ठराव: अकरा दिवसांत इंग्रजी संपवायचं.

१३ फेब्रुवारी
शिकवणीवाला कानिफनाथ मास्तर म्हणाला, आजी, तुम्हाला एकच वाक्य पुरं. आय हॅव बीन लुकिंग आफ्टर हर फॉर सिक्स इयर्स. म्हणजे हिला सहा वर्षं मीच सांभाळत आलेय. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस म्हणतात म्हणे. मागं सुरू झालेलं आन अजून चालूच असलेलं काम त्यात घालायचं. म्हटलं, मग तुझ्या घराचा स्लॅब घाल त्यात. तोंड वाकडं करून गेला.

१५ फेब्रुवारी, सकाळ
शेळीच्या धारंला बसताना सगळं पाठ होतं. धार काढून उठले तर 'बीन' गेलेलं. चूक शेळीची. हलती लई.
ज्योतीला म्हटलं, म्हण माझ्याबरोबर. ती म्हणती, आज्जे, माझेबी प्रश्न पाठ करायचेत. वही बघितली. नाव काय, खेळ कोणता आवडतो. हे काय पाठ करायचं असतं? वही मिटली. आधी माझं.

१८ फेब्रुवारी, रविवार
इंग्रजी आलं.
शेजारच्या गोजरबाईवर चालवून बघितलं. कुंपणावरून वरडले, यू हॅव बीन चोरिंग माय गोवऱ्या फॉर टू इयर्स! ती म्हणाली, भवाने, शिव्या द्यायच्या तर मराठीत दे. पण पाटीतल्या पाच गोवऱ्या ठेवून गेली.
मास्तर म्हणतो, चोरिंग असा शब्दच न्हाई. म्हटलं, गोजरीला कळला, तुला कळंना? फी कशाची घेतो मग?

२१ फेब्रुवारी
फडावरून फोन. कल्याणनं विचारलं, तयारी कशी हाय? म्हटलं, फर्स्ट क्लास. मधीच सत्यशीला बोलली, आत्या, पोरीला फोन द्या की जरा. म्हटलं, पोरीला काय विचारती? मला विचार. जेवती, झोपती, अभ्यास करती. ठेव फोन.
लई बोलती ही सून.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी चार, नगर एसटी स्टँड
गाडी न्हाई म्हणून इथंच लिहिते.
मॅडमनं ज्योतीकडं बघून काहीतरी विचारलं. पोर तोंड उघडतीय तवर मी वाक्य टाकलं. सरळ, बीनसकट. मॅडम गुड म्हणाली. पुन्हा ज्योतीकडं बघून विचारलं. थोरलं माणूस बसलेलं असताना पोरीनं मधी बोलायचं असतं का आमच्यात? मीच उत्तर दिलं. तेच वाक्य. तिसऱ्यालाबी तेच, जरा मोठ्यानं.
मग बाई मराठीत आली. म्हणाली, आजी, मी हिला हिचं नाव विचारलं. मग खेळ विचारला. मग मैत्रीण. तुम्हाला अजून काहीच विचारलेलं नाही. मुलाखत हिची आहे.
हे आधी सांगायला काय झालं होतं?
मला गप्प बसवून तिनं पुन्हा विचारलं. ज्योती माझ्याकडं बघत बसली. मी डोळे वटारले, बोल म्हणून. बोलंना. मॅडमनं मराठीतबी विचारलं. न्हाईच. घरी कुणीबी काही विचारलं की ही माझ्या तोंडाकडं बघती आन मी सांगते. तिथंबी बघतच राहिली.
नापास केलं न्हाई. सोमवारी पुन्हा बोलावलंय. शेवटचं.
आत्ताच बाकावरच्या बाईनं पोरीला विचारलं, बाळा, नाव काय गं तुझं?
मी म्हटलं, ज्योती.
मग कळलं.
म्हणून माझ्याच वहीत माझ्यासाठी लिहिते. सोमवारी म्हातारीनं शाळेच्या फाटकाबाहेर बसायचं. आत कुणी काय बी विचारो, उत्तर ज्योतीनंच द्यायचं.