देवळाम्होरं बंद होणारी गाडी

बुधवार, संध्याकाळ. उमरगा.

मामांच्या ट्रकचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, पुन्हा जळाला. आज दिवसभर गॅरेजात तोच उघडून बसलो, पाठ मोडून गेली. त्यांच्याच हट्टानं मी इंजिनाच्या पंपातून डिझेल वाढवून दिलं होतं. गाडी आता भरल्या मालासकट चढ ओढती, पण टर्बो लालबुंद होतो. लगेच इंजिन बंद केलं की आतलं तेल जळतं. जरा चालू ठेवून थंड होऊ द्या, हे कितींदा सांगितलं. पण चढ संपला की देऊळ, अन् देऊळ दिसलं की मामांची चावी बंद.

"देवाम्होरं गाडी घुरघुरत ठेवू व्हय?"

शेवटी म्हणालो, मामा, अलीकडंच थांबा. इंजिन थंड करून बंद करा, अन् देवळापर्यंत चालत जावा.

मामा विचारात पडले. "चालत गेलं तर पुण्य जास्त, न्हाय का?"

व्हय म्हणालो. पुण्याचं मला काय कळतंय, टर्बो तेवढा वाचंल.