सूपभर कोंडा

मुक्काम येलंदू, कोळशाची खाण
कार्तिक वद्य पंचमी, शके १८४२

अजमतखालास धुळाजीचा दंडवत, हबीबचाचाला सलाम. मी इथं बरा हाय. तुमी बी बऱ्या असाल असं धरून लिहितो. बद्रीनाथशेठ, हे पत्र तुमीच वाचून दाखवणार, तर माझं अक्षर बघून दुकानात हसू नका. युसूफ वडगाव गावातल्या पंतोजीनं दोन वर्सं शिकवलं, त्यातलं एक वर्स मी पळालेलाच होतो.

कोंडाजी पाऊल टाकायला लागला असं मुक्तानं कळवलं. तुमचा उंबरा धरून उभा राहतो, चाचाच्या कापसाच्या पिंजणीचा आवाज निघाला की उंबरा सोडून नाचाया बघतो आन बुडावर बसतो, असं वाचलं. ते मी इथं चार माणसांना सांगितलं. दातापायी हगवण लागलीती ती तुमच्या मुरडशेंगेनं थांबली, हे बी कळलं. तुमचे उपकार हायेत.

आता एक विचारतो. रंग कुणावर गेला? माय म्हणती माझ्यावर, मुक्ता म्हणती तिच्या भावावर. तुमी खरं सांगाल. डोक्यात भोवरा एक हाय का दोन? हसल्यावर गालाला खळी पडती का? आखाडात मी आलतो तवा नीट बघणं झालं न्हाई. तुमी दोनदा त्याला घेऊन आलात आन दोन्ही वेळा मी नेमका वावरात गेलतो. कोळपणीचे दिवस होते, कामच तसं होतं.

विशेष म्हंजी, मला हितं खोली मिळाली. पत्र्याची हाय, पुढं ओटा हाय. लातूरच्या कापसाच्या जिनात, सोलापूरच्या गिरणीत, मी कुठंच टिकलो न्हाई हे तुमाला ठाव हाय. माय म्हणायची ह्याच्या पायाला चाकं हायेत. पण हितं टिकलो. खाली कोळशाचे डबे ढकलतो, वर येऊन आंघोळ करतो, ओट्यावर बसतो. शेजारी तेलंगी लोक हायेत, भातावर चिंचेचं पाणी घेतात आन मिरची अशी खातात की बघणाऱ्यानं पाणी प्यावं. त्यांची पोरं माझ्या ओट्यावर येऊन मुततात. मी पाणी ओतून ओटा धुतो.

त्या तेलंग्यातल्या एकानं परवा विचारलं, तुझ्या पोराचं नाव असलं कावून? मी सांगितलं, आमच्यात ज्याची लेकरं जगत न्हाईत तो नवं लेकरू सुपात घालून दुसऱ्याच्या दारात नेतो. ज्या बाईची सगळी लेकरं जगली अशी बाई बघायची. तिनं सूपभर कोंडा द्यायचा आन लेकरू इकत घ्यायचं. मग ते लेकरू तिचं, तिच्याच घरात वाढायचं, नाव कोंडाजी. आईनं दूध पाजायचं, पण आपलं म्हणायचं न्हाई. जगलं वाचलं की पाच वर्सांनी तेवढाच कोंडा परत करायचा आन लेकरू घरी आणायचं. तेलंगी म्हणला, मग आता ते कुणाचं? मी म्हणलं, अजमतखालाचं.

मुक्ताला चवथा म्हैना लागला. हितं दवाखाना हाय, दाई हाय. ह्या बारीला तिनं हितं असावं असं मला वाटतं. माय न्हाई म्हणती, मुक्ता पोराला सोडून येत न्हाई म्हणती. दोघींचं बी बरोबर हाय.

आपल्या गावचा आश्रुबा सुट्टीवर निघालाय. त्याच्यासंगं तुमच्यासाठी एक पोतडी धाडली हाय. आत काय हाय ते उघडल्यावर दिसंल. तुमी शहाण्या हाव, जास्ती लिहीत न्हाई.

धुळाजी


मुक्काम येलंदू
पौष शुद्ध दशमी, शके १८४२

अजमतखालास पायावर डोकं ठेवून दंडवत.

तुमचं उत्तर पोचलं. बद्रीनाथशेठच्या हातच्या तीनच वळी, त्या अशा. कोंडा शेळीला घातला. कोंडाजीला गोवर आलाय, उतरंल. ज्याला लेकरू पाहिजे त्यानं दारात यावं.

त्या तीन वळी मी खाणीत जाताना वाचल्या आन वर आल्यावर परत वाचल्या.

आश्रुबा बी परत आला. त्यानं सगळं सांगितलं. वाडीच्या ठेसनात तिकीटवाल्यानं पोतडी उघडाया लावली. हे लांबलांबचं सामान, त्याला वाटलं काही चोरून चाललाय. आत हात घातला तर कोंडा. सगळा फलाट हसला म्हणं, कोंडा आगगाडीनं नेणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला. पुढं आश्रुबा म्हणला, "बे धुळ्या, मी माझ्या सासऱ्याला बी एवढा भ्यालो न्हाई. म्हातारीनं पोतडी सोडली, मूठभर घेतला, वास घेतला आन म्हणली, हा तांदळाचा कोंडा हाय. मी गव्हाचा दिलता. त्याला सांग, सौदा तरी नीट कर." परत तुझ्या पोतड्या न्यायचा न्हाई म्हणून त्यानं कानाला हात लावला.

खाला, माझं चुकलं. तांदळाचा कोंडा म्हणून न्हवं. तुमी त्याला रात्रंदिस पोटाशी धरून बसल्या, आमच्या मायनं सांगितलं म्हणून गोवर असतुवर घरात फोडणी बी दिली न्हाई, आन मी पोतडी धाडली. ती बी पाच वर्सं व्हायच्या आधीच, आन तोंडानं मागितलं बी न्हाई.

आता लिहितो. बद्रीनाथशेठ, म्होरचं मायदेखत वाचू नका. ती दुकानात बसली असंल तर तिला आधी गूळ बांधून द्या आन जाऊ द्या.

मी आखाडात वावरात मुद्दाम गेलतो. तुमी येताना दिसल्या की मी मागच्या बाजूनं निघायचो. तुमाला ते कळलंतं, म्हणून दुसऱ्या बारीला तुमी पोराचं तोंड पदरानं झाकून आणलं. मी तरी गेलो.

आमची पहिली पोरगी झाली तवा मी लातूरहून आलो, तिला उचलली, लई वेळ बघत बसलो. दुसऱ्या दिशी तिनं दूध सोडलं आन ती गेली. मग मुलगा झाला. त्याला तर मी खांद्यावर घेऊन मारुतीपस्तोर गेलतो, दिसंल त्याला दाखवलं. त्याच आठवड्यात तो गेला. दोन्ही बारीला माझेच हात होते. दोन्ही बारीला मीच तोंड भरून बघितलंतं. कुणी मला काही म्हणलं न्हाई, मुक्ता तर न्हाईच. पण माझ्या मनानं घेतलं की माझी नजर वाईट हाय, आपल्याच लेकराला लागती. म्हणून कोंडाजी होताना मी आलो न्हाई. म्हणून मी एका जागी टिकत न्हाई, घराकडं तोंड झालं की मला पळावं वाटतं.

पण शेजाऱ्यांची पोरं ओट्यावर येतात, ती मला सोसंना झालीत. मला माझं पोरगं पाहिजे. मग मी असं ठरवलं की आश्रुबानं कोंडा द्यावा, मुक्तानं पोराला उचलावं, तिच्या भावानं दोघांना गाडीत बसवावं आन मी आपला हितं बसलेला असावा. म्हंजी मी काहीच केलं न्हाई. वर बसून जो कुणी बघत असंल त्याला ह्यात माझा हात दिसू नये. एवढ्यासाठी तो कोंडा आगगाडीनं आला.

गोवर उतरला का ते लवकर कळवा. माघात सुट्टी मिळती. येतोच असं लिहीत न्हाई, लिहून न आलो तर तुमी परत कधी माझं पत्र ऐकणार न्हाईत. पण कळवा.

धुळाजी


मुक्काम येलंदू
वैशाख वद्य द्वादशी, शके १८४३

अजमतखालास आन हबीबचाचास धुळाजी, मुक्ता आन दोन लेकरांचा दंडवत.

दोन लेकरं लिहिलं हे तुमी ऐकलंच. मुक्ता बाळंत झाली, पोरगी हाय. आज सव्वा म्हैना झाला. दोघी ठीक हायेत. पोरगी रडती लई, शेजारचे तेलंगी म्हणतात ही तुमच्या मुलखातून आवाज घेऊन आली.

पत्राला उशीर झाला. तुमाला काय लिहावं ते सुचत न्हवतं. माघात तुमच्या दारात जे झालं ते तुमी बघितलंच, तरी माझ्या बाजूनं सांगतो. मी सूप घेऊन उभा होतो. घरचा गव्हाचा कोंडा, मायनं चाळून दिलेला. तुमी कोंडाजीला कडेवर घेऊन आलात आन मी सुपाकडंच बघत होतो. तवा तुमी म्हणलात, "मानमोडीत आर्धं गाव गेलं. ते बी तूच बघत बसलतास का रे?"

माझा आधीचा पोरगा मानमोडीतच गेला, खाला. त्या साथीत आपल्या घाटनांदुरात लाकडं पुरत न्हवती. हे मला ठाव होतं. पण तुमी म्हणुस्तोर ते माझ्या डोक्यात एका जागी आलं न्हवतं. मी वर बघितलं. भोवरा एकच हाय. खळी न्हाई. रंग मुक्ताच्या भावाचा.

मग तुमी सूप घेतलं आन त्याला माझ्या हातात दिलं, आन आत गेलात. चाचा म्हणले, चूल पेटवलीय, तिला बाहेर येता येत न्हाई. धूर कुठंच न्हवता. मी बघितलं आन पोराला घेऊन निघालो.

मायनं सातव्या म्हैन्यात परवास नको म्हणून लई बडबड केली. गाडीवानानं बैल हळू हाकले, लातूरपस्तोर मुक्ताला धक्का लागू दिला न्हाई. पुढं आगगाडीत वाडी सुटली आन कोंडाजीला ताप भरला. तुमाला हे आजवर कळवलं न्हाई. कपाळ असं तापलं की मी त्याला मुक्ताच्या मांडीवर टाकलं आन खिडकीकडं तोंड करून बसलो. मला वाटलं झालं, परत तेच झालं, आता पुढल्या ठेसनात उतरून कुठंतरी निघून जावं. पाय खरंच हलाया लागलेते. मुक्ता एवढ्या वर्सांत मला वर मान करून बोलली न्हाई. त्या दिशी बोलली. म्हणली, "तुमी बघितलं तरी ताप उतरंल आन न्हाई बघितलं तरी उतरंल. पण मला वाकता येत न्हाई. त्याला पाणी कोण पाजंल?"

पाजलं मीच. सिकंदराबाद येईपस्तोर थेंब थेंब पाजत बसलो. ठेसनात त्यानं माझ्या अंगावर वकारी केली आन झोपला. उठला तवा अंग गार होतं. दाढ फुटत होती, एवढंच.

पोरगी झाली तवा दाई तिला बाहेर घेऊन आली. मी हात पुढं केले. भ्यालो न्हाई असं म्हणत न्हाई, पण केले. तिचं नाव छबु ठेवलं. कोंडा न्हाई, धोंडा न्हाई, चांगलं नाव ठेवलं. तिला कुणाच्या दारात नेणार न्हाई. तुमी इतक्या लांब हाव म्हणून न्हवं. तुमी राग धरू नका, तुमच्यामुळंच हे सुचलं.

कोंडाजी आता पळतो. पोरांत जाऊन त्यांचं बोलणं शिकला, पाण्याला नीळ्ळू म्हणतो. माझ्या डब्यातली भाकर आधी त्याला लागती. बहिणीच्या डोळ्यात बोट घालतो. मला दादा म्हणतो.

आता जे लिहायचं ते लिहितो. मुक्ता लिहू नका म्हणती, खालाच्या जिवाला लागंल म्हणती.

आलो तवा दिवेलागणीला तो दाराशी जाऊन तुमाला हाका मारायचा. अम्मा, अम्मा. कडेवर घेतलं तरी मान वळवून रस्त्याकडंच बघायचा. कुणी बुरखेवाली बाई दिसली की तिच्यामागं जायचा, दोनदा मी बाजारातून उचलून आणला. रोज असं. मला वाईट वाटायचं आन तुमाला लिहायची हिंमत होत न्हवती. मग हाका कमी झाल्या. आता मारत न्हाई. परवा मुक्तानं मुद्दाम विचारलं, अम्मा कुठंय? तो जरा थांबला, इकडंतिकडं बघितलं आन मुक्ताकडं बोट केलं.

मला वाटलं आपल्याला पोरगं मिळालं आन एका बाईचं गेलं, आन त्याला त्याचा पत्ता बी न्हाई. सूपभर कोंड्यात हे भागत न्हाई, खाला. कोंडा परत करून मोकळं होता येतं असं ज्यानं कुणी ठरवलं त्यानं लेकरू कधी दुसऱ्याच्या घरात वाढवलं नसंल.

तर तुमी या. चाचा पिंजण चार दिस भिंतीला टांगून ठेवतील. मिरीग तोंडावर आलाय, लातूरपस्तोर गाडीरस्त्याला चिखल होईल, तरी या. लातूरहून कुर्डुवाडी, तिथं गाडी बदला. मी वाडीच्या फलाटावर उभा राहतो, तिथून पुढचं मी बघतो. खोलीत जागा हाय. तुमच्यासाठी नवी चूल मी स्वतः घालतो, भांडी वेगळी ठेवतो, तुमाला अवघड वाटू देत न्हाई. आवडलं तर पाऊसकाळ काढा. त्याहून जास्ती आवडलं तर मी काही म्हणणार न्हाई.

तुमचा आवाज ऐकला तर अजून वळखंल. आज वळखंल, पुढल्या म्हैन्यात बी वळखंल. दिवाळीचं मी सांगू शकत न्हाई.

बद्रीनाथशेठ, एवढं दोनदा वाचा.

तुमच्या कोंडाजीचा बाप
धुळाजी