फ्रिजची घरघर

नेहरू नगर, भोपाळ

ती. आईस,

मृणालचा नमस्कार. इथे थंडी छान पडलीय, मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

नवी नोकरी कसली, असं तू विचारलं होतंस. एमपी नगरातल्या ऑफिसात हेडफोन लावून रेकॉर्ड केलेले आवाज ऐकायचे आणि कॉम्प्युटरला कळावं म्हणून प्रत्येकाला इंग्रजी नाव द्यायचं. माझा सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘हम’ (hum). आपल्याकडे भुंगा गुंजारव करतो, फ्रिज घरघरतो आणि तू भाकरी थापताना ओठ मिटून गुणगुणतेस. इंग्रजांचं तिन्हींसाठी एकाच शब्दात भागतं! माणूस की यंत्र, हे मात्र आम्हाला पुढे लिहावं लागतं. खूण सोपी आहे, माणूस मधेच श्वास घ्यायला थांबतो.

परवा तू मेथीच्या लाडवांचं प्रमाण बोलून पाठवलंस, ते मी ऑफिसच्या हेडफोनवर ऐकलं. तुझ्या आवाजामागे हम होता. म्हटलं, फ्रिज असेल. पण तो मधूनमधून थांबत होता. ‘घरात मी एकटीच’ असं तू म्हणालीस, तेव्हा तर पार थांबला.

कानातलं यंत्र लावतेस ना गं?

हे मिळताच कुलूप घालून मावशीकडे राहायला जा. दादा तुला तिथूनच घेऊन येईल. फोन तू नेहमी स्पीकरवर घेतेस, म्हणून कुरिअरने लिहून पाठवतेय.

आणि आई, तुला पत्र मोठ्याने वाचायची सवय आहे. हे मनातच वाच.

तुझीच,
मृणाल