हिवाळ्यातल्या बोटीसाठी

११ फेब्रुवारी

दोन मिनिटं बोला म्हणाले होते. मला एक मिनिट दहा सेकंद मिळाले.

ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत आम्ही चौदा जण टेबलावरच्या फोनभोवती बसलो होतो. पलीकडे राजधानीत, जूनोत, विधानसभेची समिती. विषय एकच — आमच्या बेटाची सरकारी बोट हिवाळ्यात बंद करायची. का, तर फेब्रुवारीत ती रिकामी जाते म्हणे. मी त्यांचा तक्ता तीनदा तपासला होता. गेल्या फेब्रुवारीत बोट एकोणीस दिवस दुरुस्तीसाठी गोदीत उभी होती. त्या एकोणीस दिवसांपुढेही त्यांनी 'प्रवासी शून्य' लिहिलंय! गोदीतल्या बोटीत कोण चढणार? एवढं सांगायला लागले तोच अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद बाई, पुढचं कोण? फोनवर कुणीतरी कुरकुरीत काहीतरी खात होतं. ऐकू येत होतं.

पुढचा नंबर मनांग पेर्लाचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मासळीच्या कारखान्यात पहिल्या दिवशी सुरी कशी धरायची ते मला तिनेच शिकवलं. मनांग म्हणजे थोरली बहीण, आणि अख्खं बेट तिला तसंच मानतं. तिचा नवरा दर तीन आठवड्यांनी किमोसाठी बेटाबाहेर जातो. धुकं असलं की विमान उतरत नाही, मग बोटच. ती एवढंच म्हणाली, "बोट नसेल त्या दिवशी मी कुणाला फोन करायचा, तेवढं सांगा." अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

आमचे आमदार आर्ने टॉलेफसन त्याच समितीत आहेत. बावीस वर्षं आमदार. चकार शब्द काढला नाही.

१२ फेब्रुवारी

कामावर आज हिशेबात तीन चुका केल्या. मी!

३ मार्च

आर्ने कराच्या कागदांवर सह्या करायला आले. नऊ वर्षं त्यांचे कागद मीच करते. सह्या झाल्यावर मी तो तक्ता पुढे केला. चष्मा न लावताच त्यांनी तो पाहिला. म्हणाले, "मिला, तू आकडे बघ. माणसं मी बघतो."

वाईट माणूस नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडी बर्फात रुतली तेव्हा यांनीच ओढून काढली होती. म्हणूनच जास्त लागलं.

२० मे

समितीने बोट बंद करायचं ठरवलं. नोव्हेंबर ते मार्च. आर्नेंचं मत — बंद करा.

मनांगचा निरोप आला: कुणीतरी उभं राहायला हवं. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, "तूच विचारतेस, म्हणजे तुला माहीत आहे."

नवऱ्याला, रूबेनला, सांगितलं. तो मागच्या ओट्यावर मासा चिरत होता. निवडणुकीला उभी राहते म्हटल्यावर मान हलवली. मग विचारलं, निवडून आलीस तर जूनोत किती दिवस? जानेवारी ते मे, म्हटलं. "हं," म्हणाला आणि माशाच्या डोक्याचं सिनिगांग सार करायला घेतलं, मला आवडतं तसं आंबट. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याचा होकार असाच असतो.

२८ मे

आर्नेंच्या घरी गेले. त्यांच्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. तुमच्याविरुद्ध उभी राहणार आहे, तेव्हा तुमचं काम माझ्याकडे नको, म्हटलं. आधी हसले. मग हसू गेलं.

"माझ्या घरातलं सगळं तुला माहीत आहे," म्हणाले.

"म्हणूनच परत करते आहे."

दार लावताना त्यांनी शुभेच्छा दिल्या. आवाज कोरडा होता.

१ जून

अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात 'अकाउंटंट' लिहिलं. इथे आल्यावर सहा वर्षं त्याच रकान्यात 'मासे साफ करणे' लिहीत होते. मनिलाची पदवी तेव्हा पेटीत होती.

१९ जून

आज एकेचाळीस दारं. पाय सुजलेत. एका कुत्र्याने बूट पळवला, त्या घरचं मत बहुतेक मिळेल — मालकीण फार लाजली.

जुन्या धक्क्याजवळच्या घरात एक म्हातारा कोळी. दार अर्धंच उघडलं. आता कारखान्यातल्या बायका आमदार होणार का, असं विचारलं. म्हटलं, "सहा वर्षं तुम्ही पकडलेले मासे मी साफ केलेत. एकही परत आला नाही." त्याने दार पूर्ण उघडलं. कॉफी दिली. मत देईन असं मात्र म्हणाला नाही.

एका बाईने माझे उच्चार सुधारून दिले. मी आभार मानले आणि पुढच्या दारी गेले. दर दारी वाईट वाटून घेतलं तर गल्ली कधी संपायची?

१४ जुलै

आपली मनिलाकडची माणसं सगळ्यांत अवघड! तीस वर्षं इथे आहेत, नागरिक आहेत, आणि मतदार यादीत नाव नाही. नको गं, उगाच कुणाच्या नजरेत कशाला यायचं, म्हणतात. मनांगने चर्चच्या हॉलमध्ये दोन पराती पानसित केलं आणि परातीपुढे टेबल मांडून अर्ज ठेवले. आधी नाव, मग नूडल्स. फादरसुद्धा रांगेत. संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी नवी नावं.

रूबेनने दिवसभर भांडी घासली.

२० ऑगस्ट

प्राथमिक फेरी झाली. आर्ने पहिले, मी दुसरी. दोनशे मतांनी मागे. नोव्हेंबरच्या अंतिम फेरीपर्यंत दोनशे माणसं पटवायची. कठीण आहे. अशक्य नाही.

१० सप्टेंबर

अँकरेजहून प्रचाराचा एक जाणकार आला. चकचकीत बूट, बेटावरच्या चिखलात. म्हणाला, तुम्ही नऊ वर्षं त्यांचे कागद केलेत, काहीतरी असेलच. फक्त दिशा दाखवा, बाकी आम्ही शोधतो. तुमचं नाव कुठे येणार नाही.

नाही म्हटलं. तो गेल्यावर मनांग चिडली. एवढी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती.

"म्हणजे आहे काहीतरी."

मी टेबलावरचे कप उचलले.

"बोट नसली की माझा नवरा तिकडे विमानतळाच्या बाकावर चार-चार दिवस पडून असतो, आणि तू त्या माणसाची लाज राखतेस?"

म्हटलं, मनांग, उद्या तुझे कागदही माझ्याकडेच येतील. ती ताडकन उठून गेली. दारापाशी तिची छत्री राहिली. नेऊन दिली तेव्हा दार तिच्या नवऱ्याने उघडलं. ती आत होती. बाहेर आली नाही.

आहे का काही? ते या वहीतही लिहिणार नाही.

२ ऑक्टोबर

शाळेच्या व्यायामशाळेत आमने-सामने सभा. आर्ने म्हणाले, मिला उत्तम अकाउंटंट आहे, पण राज्य म्हणजे नुसती बेरीज नव्हे. लोक हसले. मीही हसले. मग तो तक्ता भिंतीवर दाखवला आणि एकोणीस दिवसांची गोष्ट सांगितली. या वेळी कुणी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हटलं, बेरीज नीट केली असती तर बोट चालू राहिली असती. मागच्या रांगेतला कुणीतरी उठून उभा राहिला. तोच, धक्क्याजवळचा म्हातारा.

मनांग आली होती. लांब बसली, पण आली.

५ नोव्हेंबर

मत देऊन आलो, रूबेन आणि मी. पाऊस आडवा. माझं नाव छापील अक्षरांत पाहून पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.

२० नोव्हेंबर

टपालाची सगळी मतं मोजून झाली. २०६३ आणि २०६३.

बरोबरी!

मनांग घरी आली. थेट स्वयंपाकघरात शिरली आणि भात लावला. आमचं भांडण तिथे मिटलं.

३ डिसेंबर

फेरमोजणी. एक मत इकडचं तिकडे नाही. मोजणाऱ्यांचं कौतुक वाटलं. आता नाणेफेक. कायदा आहे तसा.

६ डिसेंबर

जूनो. एक खोली, एक टेबल, निवडणूक अधिकारी बाई आणि आम्ही दोघं. बाईंनी विचारलं, छापा की काटा, कोण सांगणार? आर्ने म्हणाले, मिला सांगेल. मी म्हटलं, छापा.

नाणं गालिच्यावर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही. छापा.

सहा महिने, बाराशे दारं, आणि शेवटी हे. आनंद झाला का? झाला. पण दारं ठोठावून जिंकल्याचा नाही. तो मला स्वतः कमवावा लागेल — तिथे बसून, रोज.

बाहेर आर्ने कोटाची बटणं लावत थांबले होते. म्हणाले, "माझ्या कागदांबद्दल कधीतरी तू बोलशील, याची मी रोज वाट पाहत होतो. रोज." हात पुढे केला. "बोट चालू कर. माझं चुकलं तिथे."

२१ जानेवारी

शपथ घेतली. हात वर, आवाज खणखणीत. बोलण्याची ढब माझीच ठेवली. वाहतूक समिती मागितली होती, मिळाली. खुर्ची मोठी आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. उद्या पाट शोधते.

२ फेब्रुवारी

रूबेन सकाळच्या विमानाने आला. डब्यात वाळवलेली मासळी, माझे लोकरी मोजे. जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "मी आर्नेला मत दिलं."

माझा घास हातातच राहिला.

"व्हिसा येईपर्यंत सात वर्षं तू इथे आणि मी तिकडे होतो. पुन्हा तसं राहणं मला जमणार नव्हतं, मिला. सांगायलाही जमलं नाही."

राग आला. मग त्याचं ताट रिकामं दिसलं. भात वाढला. वाढता वाढता बेरीज आपोआप झाली — त्याचं एक मत तिकडून वजा, इकडे जमा.

नाणं उडवायची वेळच आली नसती. मी दोन मतांनी निवडून आले असते.