बॉसचं विरोधपत्र

गुरुवार, ऑक्टोबर २००७. फ्रिस्को.

मूल आजारी पडलं तर पगारी रजा मिळावी, असं विधेयक वॉशिंग्टनमध्ये आलंय. त्याच्या विरोधातल्या पत्रावर बॉस आज आमच्या सह्या मागत फिरला. निर्लज्ज! गेल्याच आठवड्यात हा मुलाच्या तापासाठी तीन दिवस घरी होता.

मी विचारलं, "मुलगा बरा आहे ना?"

"हो, मी घरी होतो म्हणून निभावलं," म्हणत त्याने पेन पुढे केलं.

तीन दिवस, तेही भरपगारी! माझी ग्रीन कार्डाची फाइल याच्याच हातात आहे. तरी म्हटलं, "मी सही करणार नाही." आवाज कापला, कापू दे.

घरी आले तर लेक तापाने फणफणलेली. "आई, ऑफिस टुमॉरो?"

"नाही गं."

रजा मागणार नाही, नुसतं कळवणार. काप म्हणावं पगार.